वसुंधरा राजे : घराणे ग्वाल्हेरचे, राजकारण राजस्थानचे

वसुंधरा राजे यांचा जन्म 8 मार्च 1953 रोजी मुंबईत झाला, तेव्हा त्यांचे वडील, ग्वाल्हेरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज जिवाजीराव शिंदे यांचे संस्थान भारतात विलीन होऊन गेले होते आणि ते स्वतः मध्य भारताचे राजप्रमुख होते. 1961 मध्ये जिवाजीरावांचे निधन झाले आणि 1971 च्या अखेरीस 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्याही संपल्या. त्यामुळे वडिलांचे राज्य मुलीच्या वाट्याला कधी आलेच नाही. वाट्याला आले ते आईचे राजकारण.

राजमाता विजयाराजे 1957 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर गुना मतदारसंघातून लोकसभेत गेल्या. दहा वर्षांनी त्यांनी पक्ष सोडला आणि काँग्रेसचे आमदार फोडून मध्य प्रदेशातील द्वारकाप्रसाद मिश्रा यांचे सरकार पाडले. पुढे त्या जनसंघाच्या आणि नंतर भारतीय जनता पक्षाच्या आधारस्तंभ झाल्या, आणीबाणीत त्यांनी तुरुंगवासही भोगला. मुलगा माधवराव मात्र काँग्रेसमध्ये गेला आणि घर राजकीयदृष्ट्या दुभंगले. वसुंधरा राजे आईच्या बाजूला राहिल्या.

घराण्याचे नाव तेवढ्याने मते मिळवून देत नाही, हे त्यांना पहिल्याच निवडणुकीत दिसले. 1984 मध्ये भिंड या ग्वाल्हेरच्या जुन्या मुलखातून त्या लोकसभेला उभ्या राहिल्या आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत हरल्या. त्याच निवडणुकीत माधवरावांनी ग्वाल्हेरमध्ये अटलबिहारी वाजपेयींचा पराभव केला होता. पुढच्याच वर्षी वसुंधरा राजे राजस्थानात, धौलपूरमधून आमदार झाल्या. धौलपूरच्या जाट राजघराण्यातील हेमंतसिंह यांच्याशी 1972 मध्ये त्यांचा विवाह झाला होता. तो संसार टिकला नाही, पण सासरचा प्रदेश हीच त्यांची राजकीय भूमी ठरली. 1989 पासून झालावाडने त्यांना सलग पाच वेळा लोकसभेवर पाठवले आणि वाजपेयी सरकारमध्ये त्या परराष्ट्र राज्यमंत्री झाल्या.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट विशेष जाणवते. 1790 मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेने पाटणच्या लढाईत जयपूर-जोधपूरच्या सैन्याचा पराभव केला होता आणि शिंद्यांच्या खंडणीने राजपुताना दीर्घकाळ जेरीस आला होता. त्याच घराण्यातील मुलीला या प्रांतात आपलेपणा मिळवायचा, तर तो ग्वाल्हेरच्या गादीच्या जोरावर मिळणे शक्य नव्हते. 2003 च्या विधानसभा निवडणुकीआधीच्या परिवर्तन यात्रेत त्यांनी नात्यांची भाषा वापरली : आपण राजपुतांची मुलगी, जाटांची सून आणि गुर्जरांची विहीण. यातील तिसरे नाते मुलगा दुष्यंत यांच्या विवाहामुळे जुळलेले होते. भैरोसिंह शेखावत उपराष्ट्रपती म्हणून दिल्लीला गेल्यानंतर राज्यात पक्षाला नव्या चेहऱ्याची गरज होती आणि ती त्यांनी पुरी केली. भाजपला 200 पैकी 120 जागा मिळाल्या व डिसेंबर 2003 मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या.

पण जातींची मोट बांधणे वेगळे आणि सत्तेत राहून ती टिकवणे वेगळे. अनुसूचित जमातींत समावेशासाठी 2007 आणि 2008 मध्ये झालेल्या गुर्जर आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले, आणि ज्यांच्याशी विहिणीचे नाते सांगितले होते तोच समाज दुरावला. आधीपासून अनुसूचित जमातींत असलेल्या मीणा समाजाचा या मागणीला विरोध असल्याने सरकार दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडले होते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण कसोटी हीच होती. 2008 मध्ये सत्ता गेली. 2013 मध्ये 163 जागांसह ती परत आली आणि 2018 मध्ये 73 जागांवर येऊन पुन्हा गेली.

2023 मध्ये भाजपला पुन्हा बहुमत मिळाले, तेव्हा केंद्रीय नेतृत्वाचा विचार बदललेला होता. 12 डिसेंबरला जयपूरमधील विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत राजनाथ सिंह यांनी वसुंधरा राजे यांच्या हाती एक चिठ्ठी दिली आणि पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मा यांचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी त्यांनाच सुचवावे लागले. त्याच मंत्रिमंडळात जयपूरच्या राजघराण्यातील दिया कुमारी उपमुख्यमंत्री झाल्या. त्यांचा 2013 मधील भाजपप्रवेश वसुंधरा राजे प्रदेशाध्यक्ष असतानाच झाला होता. झालरापाटणची आमदारकी मात्र 2003 पासून वसुंधरा राजे यांच्याकडेच आहे, आणि त्यांनी सोडलेल्या झालावाडच्या लोकसभा जागेवर 2024 मध्ये दुष्यंत सिंह सलग पाचव्यांदा निवडून आले.