एकाच पुडीतले दोन ट्रान्झिस्टर, दोन वेगळे आकडे

आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर बीसी 547 या ट्रान्झिस्टरचा अलार्म बऱ्याच जणांनी बसवलाय. टाकी भरली की पाण्यातून त्याच्या बेस या पायाला शंभरेक मायक्रोअँपिअर करंट मिळतो आणि कलेक्टर या दुसऱ्या पायातून 20 मिलिअँपिअर वाहून बझर वाजतो. बेसच्या करंटच्या जितके पट कलेक्टरचा करंट, तो पट म्हणजे करंट गेन, बीटा. मल्टिमीटरच्या एचएफईच्या, म्हणजे हाच गेन मोजायच्या, भोकांत एकाच पुडीतले दोन नग घालून पाहिले तर एक 231 दाखवतो, दुसरा 318. पोरं विचारतात, यातला खराब कोणता? कोणताच नाही.

हे कळायला थोडं मागं जावं लागतं. 16 डिसेंबर 1947 ला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमवर सोन्याची दोन टोकं टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवला. तेव्हा गेन मोजत एमिटर या तिसऱ्या पायापासून कलेक्टरपर्यंत. त्याला अल्फा म्हणतात, आणि त्या नाजूक जोडणीत तो एकाच्या वर जाई. जानेवारी 1948 मध्ये तिथल्याच शॉकलीने थरांच्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. 1951 मध्ये तो जाहीर झाला. यात अल्फा एकाच्या जरा खालीच राहतो.

खरी गंमत इथं आहे. विहिरीतून पाटानं वावरात पाणी सोडलं की थोडं वाटेत मुरतंच. एमिटरनं 100 इलेक्ट्रॉन सोडले, 99 कलेक्टरला पोचले, एक बेसमध्ये मुरला, तर बीटा 99. मुरणं निम्म्यावर आलं की अल्फा 0.99 वरून 0.995 होतो, पण बीटा थेट 199! पोचलेल्याला मुरलेल्यानं भागायचं, म्हणून बेसच्या जाडीत किंवा शुद्धतेत केसाएवढा फरक पडला तरी आकडा उडी मारतो. एमिटर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही बाजूंना समाईक ठेवायची जोडणी रूढ झाली तसा हाच बीटा सगळ्यांच्या तोंडी बसला.

कारखान्यांनाही हा आकडा नेमका धरता येत नाही. म्हणून ते नग मोजून गट पाडतात: बीसी 547 ए 110 ते 220, बी 200 ते 450, सी 420 ते 800. त्यात सिलिकॉनचा गेन तापमानाबरोबर चढतो, म्हणजे मे महिन्यातल्या 45 अंशांत तो पौषातल्या पहाटेपेक्षा वेगळाच.

अलार्म बांधताना मी पुडीवरचं अक्षर बघतच नाही. सगळ्यात कमी, 110 धरतो. मग 20 मिलिअँपिअरला बेसमध्ये 0.18 लागतात, मी 0.4 मिळतील असा रेझिस्टर लावतो.