पेडल मेलं नाहीये, दारातच अडकलंय

गिटारचं पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाखालची डबी, बंद पडलं की सगळे आधी आयसीवर (आतल्या चिपवर) संशय घेतात, पण माझ्या टेबलावर आलेल्या बऱ्याच 'मेलेल्या' पेडल्समध्ये आवाजाचं सर्किट ठणठणीत होतं, घोळ होता तो पॉवर आत शिरते त्या दोन-तीन इंचांत. माझंच एक ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) मी घाईघाईत कीबोर्डच्या अडॅप्टरला लावलं. प्लग मस्त बसला. पेडल गप्प, आणि वर अडॅप्टरचा दिवापण विझला.

बहुतेक पेडल्सना 9 व्होल्ट डीसी लागतं, प्लग बाहेरून 5.5 मिमी, आतलं भोक 2.1 मिमी, आणि मधली पिन मायनस. कीबोर्डच्या अडॅप्टरला बऱ्याचदा मध्ये प्लस असतं, दिसायला मात्र दोन्ही सेम. आता पेडलमध्येच हे उलटं का, तर त्याचा संबंध बॅटरीशी लावतात. डीसी जॅकमध्ये बाहेरच्या बाजूला एक छोटी पत्ती असते, प्लग घातला की ती उचलली जाते आणि तिच्यातून येणारा बॅटरीचा प्लस तुटतो, म्हणजे अडॅप्टर आणि बॅटरी एकमेकांशी भांडत नाहीत. मग प्लस बाहेरच ठेवावा लागतो. म्हणूनच जॅक बदलताना प्लास्टिकचा घ्या, पत्र्याच्या डब्याला ग्राउंड (सर्किटची सामाईक बाजू, इथे मायनस) असतो, धातूचा जॅक त्यात कसला की सरळ शॉर्ट.

बॅटरीच्या मायनसची गोष्ट अजून भारी आहे. इनपुट जॅक मुद्दाम स्टिरिओ टाकलेला असतो, मायनस त्याच्या मधल्या रिंगला, आणि गिटारच्या केबलचा मोनो प्लग आत गेला की तो रिंग आणि ग्राउंड जोडून टाकतो. थोडक्यात पेडलचा खरा स्विच म्हणजे तुमची केबल, पायाखालचं बटण फक्त इफेक्ट चालू-बंद करतं. साधी 9 व्होल्टची अल्कलाइन बॅटरी साधारण 500 मिलिअँप-अवरची धरा, ओव्हरड्राइव्ह 5 मिलिअँप खात असेल तर 100 तास, म्हणजे केबल खोचून विसरलात तर चारेक दिवसांत बॅटरी खलास. अडॅप्टरवर चालतं पण बॅटरीवर नाही, असं झालं तर आधी या रिंगची पत्ती वाकलीये का आणि डीसी जॅकची पत्ती परत टेकतेय का ते बघा.

तर माझ्या पेडलमध्ये प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये एक 1एन4001 डायोड आडवा लावलेला होता. पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) बरोबर असेल तर तो नुसता बसून असतो, उलटी आली की सगळा करंट स्वतःमधून जाऊ देतो आणि अडॅप्टर दबतो. अडॅप्टर दमदार असेल तर डायोड कायमचा शॉर्ट होतो, नाहीतर बोर्डावरची पट्टी जळते. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस-ग्राउंडला टोचलं, बीप, म्हणजे शॉर्ट. डायोडचा एक पाय कापला, पेडल जिवंत! पण तसंच सोडायचं नसतं, उलट्या प्लगपासून संरक्षण उरत नाही. मी जॅकच्या प्लसमध्ये सिरीजला 1एन5817 शॉट्की डायोड टाकला, तो उलटा करंट आत येऊच देत नाही, आणि साधा डायोड 0.6-0.7 व्होल्ट खातो तिथे हा साधारण 0.3 मध्ये भागवतो.

फझ पेडल्सचं मात्र जरा जपून. 1966 च्या फझ फेससारख्या जर्मेनियमचे पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असलेल्या सर्किट्समध्ये प्लसलाच ग्राउंड केलेलं असतं, त्याला बाकीच्यांबरोबर एकाच वायरच्या माळेत लावलं की पॅच केबलच्या ग्राउंडमधून शॉर्ट. अशा पेडलला वेगळा, आयसोलेटेड (ग्राउंड बाकीच्यांशी न जोडलेला) आउटपुटच द्या, किंवा बॅटरी.

घुंऽऽ आवाज येत असेल तर एक जुना उपाय आहे, प्लसमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. याचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरची लहर दबायला लागते ती सीमा, 16 हर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे 50 हर्ट्झच्या लाइनवरच्या साध्या अडॅप्टरमधून येणारी 100 हर्ट्झची लहर सहापटीने कमी होते. 5 मिलिअँपला फक्त अर्धा व्होल्ट जातो, ठीक आहे. पण हौसेने हेच डिजिटल डिलेमध्ये घालायला जाऊ नका, 100 मिलिअँप गुणिले 100 ओहम म्हणजे 10 व्होल्ट, आणि तुमच्याकडे आहेत नऊ :)

शेवटचं, 18 व्होल्टचं वेड. हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा) वाढतो, क्लीन आवाज मोकळा वाटतो, हे काही पेडल्समध्ये खरं आहे, पण आधी आत डोकवा. कपॅसिटरवर 16V छापलं असेल तर ते बदलून 25V चे टाका. आणि मॅक्स1044 नावाची आठ पायांची चार्ज पंप (व्होल्टेज उलटं किंवा दुप्पट करणारी) चिप दिसली तर विषय सोडून द्या, तिची मर्यादा 10 व्होल्ट आहे, 18 दिले की ती क्षणात जाते, आणि त्या वेळी पेडल खरंच मेलेलं असतं.