हजेरीपासून नोकरीपर्यंत: कौशल्य प्रशिक्षणाच्या पैशाची गोष्ट

मार्च महिन्यात सरकारी प्रशिक्षण योजना राबवणाऱ्या कोणत्याही कार्यालयात जा, ‘अखर्चित निधी’ आणि ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ (मिळालेला निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) हे शब्द हमखास कानावर पडतात. किती जण शिकले आणि किती पैसे गेले, या दोन आकड्यांचा मेळ ३१ तारखेच्या आत बसवायचा असतो. तो बसवणं इतकं अवघड का होऊन बसलं, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

१९५० साली केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि आयटीआय उभ्या राहू लागल्या. १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. पैसा इमारतीवर, यंत्रांवर आणि शिल्पनिदेशकांच्या, म्हणजे तिथे शिकवणाऱ्यांच्या, पगारावर जायचा. लेथ आलं, वर्ग भरला, की खर्च रास्त ठरला. मुलगा पुढे फिटर म्हणून कुठे लागला का, हे त्या हिशेबात येतच नसे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांनाही शिकवण्याच्या कामात ओढलं, पण आयटीआयच्या अनुदानाची रीत तीच राहिली.

खरी उलथापालथ २००८-०९ मध्ये झाली. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झालं, खासगी संस्था प्रशिक्षणात आल्या आणि २००९ च्या धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. माझ्या मते पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ या आकड्यात आहे. एवढा मोठा आकडा वरून आला की खालच्या प्रत्येकाला फक्त डोकी मोजायची सवय लागते. २०१३ मध्ये १० लाख तरुणांसाठी १,००० कोटी रुपयांची ‘स्टार’ योजना आली: शिका, परीक्षा पास व्हा, बक्षीस घ्या. १५ जुलै २०१५ ला आलेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरुवातीला त्याच वळणाची होती. २४ लाख तरुण आणि १,५०० कोटी रुपये. पुढच्याच वर्षी दुसरा टप्पा थेट १ कोटी तरुण आणि १२,००० कोटी रुपयांवर गेला.

२०१५ च्या जुलैमध्येच केंद्राने वेगवेगळ्या मंत्रालयांच्या प्रशिक्षण योजनांसाठी सामायिक निकष ठरवले. वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार परीक्षा पास झाल्यावर ५० टक्के आणि उरलेले २० टक्के नोकरी लागल्यावर. पास झालेल्यांपैकी ७० टक्क्यांना काम मिळालं तर शेवटचा हप्ता पूर्ण, त्याखाली त्या प्रमाणात, आणि निम्म्यांनाही मिळालं नाही तर काहीच नाही. सरकारी पैसा पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे नोकरीशी बांधला गेला. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते.

आता हीच कल्पना तालुक्याच्या गावातून पाहू. खर्चानुसार पाडलेल्या तीन गटांपैकी मधल्या गटातल्या अभ्यासक्रमाचा दर एका उमेदवारामागे ताशी ३३ रुपये होता. ३० जणींची बॅच आणि ३०० तास धरले तर हिशेब २ लाख ९७ हजारांचा. त्यातले ८९ हजार १०० सुरुवातीला. सगळ्या पास झाल्या तर १ लाख ४८ हजार ५००. शेवटचे ५९ हजार ४०० नोकऱ्यांचे पुरावे मान्य झाल्यावर. जागेचं भाडं, शिकवणाऱ्या बाईंचा पगार, विजेचं बिल मात्र दर महिन्याला दारात उभं. हप्ता लांबला की मोठी संस्था कर्ज काढून तग धरते. छोटी संस्था शिक्षिकेचा पगार थकवते, नाहीतर शिवणयंत्रं कमी घेते.

मराठवाड्यातलं असं एक केंद्र मी जवळून पाहिलं आहे. दाराशी बायोमेट्रिक यंत्र, त्यावर धूळ बसू नये म्हणून हातरुमाल टाकलेला. एक मुलगी कापूस वेचून थेट वर्गाला यायची. बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र तिचा अंगठा घेईना. बाई तिचा हात ओल्या फडक्याने पुसायच्या, पुन्हा लावायला सांगायच्या. पाचव्या-सहाव्या वेळी बीप वाजला की सगळा वर्ग हसायचा. नाही वाजला तर ती दिवसभर शिकूनही गैरहजर. खोटी हजेरी रोखायला यंत्र हवंच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण खरी हजेरी सिद्ध करण्याचं ओझं त्या मुलीच्या बोटांवर पडलं होतं.

नियम बदलत राहिले. मानकं ठरवणं आणि परीक्षा घेणं अशी दोन्ही कामं एकेका उद्योगक्षेत्रासाठीच्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांच्याच हातात असण्यावर सरकारने नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने बोट ठेवलं. डिसेंबर २०१८ मध्ये स्वतंत्र नियामक म्हणून राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली. २०२१ पासून प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेच्या निधीसाठी राज्यात एकच नोडल, म्हणजे मुख्य, बँक खातं ठेवण्याची पद्धत आली. खात्यांमध्ये महिनोन् महिने पडून राहणाऱ्या पैशावर नजर राहू लागली, ही त्यातली जमेची बाजू.

तरीही गळती कुठे राहिली, ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अहवालातून डिसेंबर २०२५ मध्ये देशासमोर आलं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळातल्या नोंदी कॅगने तपासल्या, तर सुमारे ९५ लाख ९१ हजार प्रशिक्षणार्थींपैकी ९४.५३ टक्के जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, ‘नल’ (संगणकाच्या भाषेत ‘माहिती नाही’) किंवा काहीच नव्हतं. काही ठिकाणी खातेक्रमांक म्हणून एकापुढे एक नुसते १ टाकलेले. एकच फोटो वेगवेगळ्या नावांपुढे लावलेला. उमेदवाराचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जात असल्याने तो रकाना नंतर सक्तीचा राहिला नव्हता, असं मंत्रालयाचं उत्तर होतं. पण लाखो ओळींमध्ये हा रकाना असाच होता, आणि हप्ता सोडण्याआधी त्या कुणीतरी नुसत्या चाळल्या असत्या तरी बरंच काही दिसलं असतं.

याच योजनेच्या चौथ्या टप्प्यात नोकरीचा मागोवा पूर्वीसारखा घेतला जात नाही. उमेदवाराने आपली वाट स्वतः निवडावी, अशी त्यामागची सरकारी भूमिका. मला हे पाऊल मागे पडल्यासारखं वाटतं. नोकरी मोजणं कठीण होतं हे खरं, पण ती मोजण्याची रीत सुधारायला हवी होती. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वेगळा मार्ग घेतला. प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणाऱ्या बारावी पासला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन थेट त्याच्या खात्यात. मधली संस्था गेली, त्यामुळे बोगस उमेदवाराची वाट पुष्कळ अरुंद झाली. प्रशिक्षणाची सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली आणि ती संपल्यावर काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले.

मराठवाड्यातल्या त्या केंद्रात नोकरीची खातरजमा फोनवर व्हायची. बाई जेवण झालं की वही घेऊन बसत. एखादा नंबर भावाचा निघे, एखादा बंद. कापूस वेचणाऱ्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. तिच्या नावापुढे वहीत ‘संपर्क नाही’ असं लाल पेनाने लिहिलेलं होतं. तिच्या आईने नंतर बाईंना सांगितलं की ती घरीच ब्लाउज शिवते आणि लग्नसराईत तिला उसंत मिळत नाही. तिच्याकडे नियुक्तिपत्र नव्हतं, पगाराची पावती नव्हती. वहीतला शेरा तसाच राहिला, आणि तिच्यामागे केंद्राला मिळायचा शेवटचा हप्ताही.