कापडी भोपळा आणि मराठवाड्यातला शरद

गेल्या काही वर्षांत नवरात्राच्या सुमारास मराठवाड्यातल्या शहरी घरांतही एक नवी शोभेची वस्तू दिसू लागली आहे. कापडाचा गोल कापायचा, त्याच्या कडेने धावदोरा घालायचा, चुण्या ओढून आत कापूस भरायचा आणि जाड दोऱ्याने वरून आठ फाका पाडायच्या, की तळहातावर मावेल असा भोपळा तयार होतो आणि टीपॉयवर किंवा दाराजवळच्या कोनाड्यात जाऊन बसतो. पाहणारे त्याला ‘हॅलोविनचा भोपळा’ म्हणून मोकळे होतात, आणि ज्या बाईने तो शिवलेला असतो तीही पुष्कळदा थोडे संकोचून तेच नाव मान्य करते. हे नाव चुकीचे आहे असे माझे मत आहे. कापडी भोपळ्याचा हॅलोविनशी असलेला संबंध दूरचा आहे; त्याचे जवळचे नाते सुगीशी आणि सुईशी आहे, आणि ही दोन्ही नाती मराठवाड्याला नवीन नाहीत.

फळापासून सुरुवात केली पाहिजे. आपण लाल भोपळा, डांगर, काशीफळ किंवा गंगाफळ म्हणतो ते फळ मूळचे अमेरिका खंडातले आहे. मेक्सिकोच्या ओआहाका भागातील गिला नाकित्झ या गुहेत भोपळवर्गातील लागवडीच्या फळांच्या ज्या बिया सापडल्या, त्यांचे वय सुमारे १०,००० वर्षे ठरले आहे, म्हणजे तिथल्या माणसाने मक्याच्याही आधी भोपळा जवळ केला होता. पुढे उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात एकत्र घेऊ लागले. मक्याच्या ताटावर घेवडा चढायचा आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून तिची ओल धरून ठेवायची. ज्वारीत तुरीचे पाटे टाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला या पद्धतीमागचा विचार समजावून सांगावा लागणार नाही.

१४९२ नंतर ही बियाणी समुद्र ओलांडून जुन्या जगात आली आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून भारतात पसरली. त्यापूर्वी आपल्याकडे कोहळा होता आणि दुध्या भोपळा होता. नवदुर्गांपैकी चौथी देवी कूष्मांडा, आणि कूष्मांड म्हणजे कोहळा; दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगला जातो तोही कोहळाच. लाल भोपळा मात्र नवखा असूनही इतका घरचा झाला, की भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात त्याची भाजी नसेल तर पान अपुरे वाटते, आणि लेकीकडे निघालेली म्हातारी ज्यात बसून जंगल पार करते त्या भोपळ्याची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने झोपताना ऐकलेली असते. धाब्याच्या घरांच्या दिवसांत उकिरड्याच्या कडेला टोचलेले बी पावसाळ्यात भिंत धरून माळवदावर चढत असे आणि दसऱ्यापर्यंत वर चार-दोन फळे पिकून पडलेली असत. न चिरलेले पक्व फळ कित्येक महिने टिकते. हिरवी भाजी मिळणे मुश्कील होणाऱ्या आपल्या कोरडवाहू भागात या टिकाऊपणाला फार किंमत होती.

अमेरिकेतही भोपळ्याला मान मिळाला तो याच टिकाऊपणामुळे. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांना लांबलचक हिवाळ्यात तगून राहण्यासाठी मूलनिवाशांचा भोपळा उपयोगी पडला आणि शेतकऱ्याच्या कोठारापुढे रचलेली पिकलेल्या भोपळ्यांची रास ही वर्ष पदरात पडल्याची खूण झाली. सारा जोसेफा हेल या संपादिकेने अनेक वर्षे पत्रे लिहून आणि लेख छापून आग्रह धरल्यावर अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभारदिन म्हणून पाळण्याचे आवाहन केले. सुगीच्या या सणाच्या जेवणात आणि मांडणीत भोपळा कायमचा आला. मांडणीतला हा भोपळा अखंड असतो. त्याला डोळे, नाक, दात कोरलेले नसतात.

कोरलेल्या भोपळ्याची कूळकथा वेगळी आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये साऊइन या जुन्या सणाच्या रात्री सलगम किंवा तसले कंद पोखरून त्यांत दिवा ठेवण्याची रीत होती. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ आला, लाखो लोक देश सोडून अमेरिकेत गेले, आणि तिथे त्यांना पोखरायला सलगमापेक्षा मोठा व मऊ भोपळा मिळाला. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचा तो भेसूर चेहरा असा जन्मला, असे मानतात. दुष्काळाने गाव सोडायला लावणे म्हणजे काय हे मराठवाड्याला कोणी सांगायला नको, म्हणून या इतिहासाकडेही मी आदरानेच पाहते. पण कापडी भोपळा या परंपरेतून आलेला नाही. त्याला चेहरा नसतो, तो दिवा धरत नाही आणि कोणाला भिववत नाही. तो सुगीच्या राशीतला भोपळा आहे.

फळ कापडाचे झाले ते टाचण्यांमुळे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत सुया-टाचण्या टोचून ठेवण्याच्या गाद्या फळांच्या आकारात शिवण्याची आवड वाढली. सफरचंद, नासपती, गाजर, स्ट्रॉबेरी असे आकार होत, पण त्या सर्वांत टिकला तो टोमॅटो. लाल कापडाचा गोळा, आत लाकडाचा भुसा किंवा वाळू, वरून दोरे ओढून पाडलेल्या फाका, डोक्यावर हिरवे पान, आणि दोरीला लोंबणारी एक छोटी स्ट्रॉबेरी, जिच्यात सुईला धार लावण्यासाठी कुरुंदाची पूड भरलेली असे. ही टाचणगादी आजही शिवणसाहित्याच्या दुकानात जवळजवळ त्याच रूपात मिळते. मध्यभागातून सुई खाली काढायची, दोरा बाहेरच्या अंगाने वर घ्यायचा, पुन्हा मध्यातून खाली न्यायचा आणि प्रत्येक फेरीला ताण द्यायचा, ही तिची कृती कापडी भोपळ्याने जशीच्या तशी घेतली आहे.

बाकीची सामग्री हळूहळू जमत गेली. एलियास हाव यांना शिलाई यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगर यांचे यंत्र १८५१ मध्ये आले, आणि घरोघरी शिवण वाढली तशा कापडाच्या चिंध्याही वाढल्या. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेतल्या शेतकरी बायकांनी पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील कापडी पोत्यांतून कपडे, रजया आणि खेळणी शिवली. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा शोध लागला आणि पुढे त्याच्या फुगीर तंतूंनी भरणासाठी कापसाची जागा घेतली. १९७० च्या दशकात अमेरिकेत रजया शिवण्याच्या जुन्या कलेला नवा बहर आला, आणि त्यानंतर मखमल, जुने स्वेटर, छापील सुती कापड यांचे भोपळे हे शरदातल्या घरसजावटीचे नेहमीचे हातकाम होऊन बसले.

आता आपल्याकडच्या सुईकडे वळू. मराठवाड्याच्या कापडाची ख्याती फार जुनी आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नोंद आहे, आणि तगराहून साधे कापड व मलमल मोठ्या प्रमाणात भडोच बंदराकडे जाते असे म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणी आणि हिमरू ही श्रीमंतांची वस्त्रे आपण अभिमानाने सांगतो, परंतु त्या नोंदीतल्या ‘साध्या कापडा’चे मला अधिक अप्रूप वाटते, कारण कापडी वस्तूंचा घरगुती इतिहास घडतो तो त्याच्या चिंध्यांतून.

विरलेली इरकली लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत धावदोरा घालत वाकळ शिवायची, हे काम उन्हाळ्याच्या दुपारी शेजारपाजारच्या बायका मिळून करीत. डोक्यावर घागर नीट बसावी म्हणून चिंध्या पिळून चुंबळ होई, मुलांसाठी चिंध्यांचा चेंडू होई, बाहुली होई. दाभण आणि सुतळी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असे, कारण धान्याच्या पोत्याची तोंडे शिवावी लागत. कापसाचा तर हा प्रदेशच आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण एके काळी दूरदूरच्या शेतांत पेरले जात होते. घरचा कापूस लोढून, पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन गाद्या-उशा भरायच्या, हा नेम होता. गल्लीतून पिंजाऱ्याच्या तातीचा ‘टण् टण्’ आवाज येऊ लागला की जुन्या गाद्या ओट्यावर उसवून ठेवल्या जात.

पण कापडी भोपळ्याचा आपल्याकडचा सख्खा नातलग म्हणजे चिमणाळे. बाळाच्या पाळण्यावर टांगण्याच्या या झुंबरात कापडाच्या चिमण्या, पोपट, मणी आणि गोंडे असतात. माझ्या परभणीच्या मावशीने शिवलेले चिमणाळे अजून आमच्याकडे आहे. प्रत्येक पोपटाखाली सुपारीएवढा एक कापडी गोळा लोंबतो. जुन्या खणाच्या तुकड्याचा वाटीएवढा गोल, कडेला हातशिलाईचे बारीक टाके, आत सरकी काढलेला कापूस, आणि वरून हिरव्या दोऱ्याचे सहा वेढे, प्रत्येक वेढा मध्यातल्या एकाच छिद्रातून गेलेला. कापूस आता दबून घट्ट झाला आहे आणि खणाच्या काठाची जर काळवंडली आहे, पण सहाही फाका स्पष्ट उमटून दिसतात. मावशी त्याला डाळिंब म्हणत असे. त्या गोळ्याशेजारी आजचा कापडी भोपळा ठेवला तर आकारमान आणि फाकांची संख्या यांखेरीज फरक सापडत नाही. व्हिक्टोरियन टाचणगादी मावशीने कधी पाहिली असण्याची शक्यता नाही. मऊ गोळ्याला फाका पाडण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि दोन दूरच्या देशांतल्या हातांना तो वेगवेगळा सुचला, असेच मानणे मला योग्य वाटते.

राहिला प्रश्न ऋतूचा. अमेरिकेतल्या या सजावटीचे रंग तिथल्या पानगळीचे आहेत, म्हणजे मेपलच्या लाल-नारिंगी पानांचे. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात. आश्विन-कार्तिकात मराठवाड्यातली झाडे पावसाने धुऊन हिरवीगार उभी असतात. म्हणून इंग्रजीतल्या ऋतूचे नाव ‘शरद’ असे भाषांतरित करताना सुकलेली पानेही बरोबर उचलून आणणे मला पटत नाही. आपल्या शरदाचे रंग वेगळे आहेत. सोयाबीनचे पिवळे काड, वेचणीला आलेल्या कापसाची पांढरी बोंडे, सीतादहीच्या पूजेला बांधावर मांडलेला दहीभात, कोजागरीचे चांदणे आणि दसऱ्याचा झेंडू. यातला झेंडू, जो आपण दारावर, अवजारांवर आणि खंडेनवमीला शिलाई मशीनच्या चाकावरही वाहतो, तो मूळचा मेक्सिकोचा; आणि बालाघाटच्या डोंगरांतून याच दिवसांत बाजारात उतरणारे सीताफळही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते अमेरिका खंडातून आलेले. भोपळा, झेंडू आणि सीताफळ एका परातीत मांडले तर ती सगळी अमेरिकेतून आलेली फळे-फुले असतात आणि तरीही ती परात पूर्णपणे मराठवाडी दिसते.

शिवणवर्गांत आता कापडी भोपळा हातशिलाईच्या सरावासाठी शिकवला जाऊ लागला आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या कापडाची निवड बदलते आहे, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. सुरुवातीला सगळ्यांनी बाजारातली नारिंगी मखमल घेतली. मग खण, इरकलीचा काठ, जुन्या सुती साड्या येऊ लागल्या. साधारण बारा इंच व्यासाच्या गोलातून मध्यम आकाराचा एक भोपळा होतो. फाका पाडण्यासाठी शिवणाची साधी सुई तोकडी पडते, तिथे घरातले दाभण उपयोगी येते. पॉलिएस्टरचा भरण फुगलेला राहतो, तर कापूस वर्षभरात दबतो आणि फाका सैल पडतात. त्यामुळे कापूस वापरायचा असेल तर तो उन्हात वाळवून, हाताने विंचरून, वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आणि ठासून भरावा लागतो.

देठासाठी कोणी दालचिनीची कांडी लावतात, कोणी हिरव्या कापडाची गुंडाळी. माझी पसंती खऱ्या देठाला आहे. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लाल भोपळ्यांचा देठ पाच कंगोऱ्यांचा, कडक आणि फळाला चिकटतो तिथे पसरट झालेला असतो. महालक्ष्म्यांच्या भाजीसाठी भोपळा चिरताना तो देठ अखंड काढून घ्यावा, गर खरवडून पंधरा दिवस सावलीत वाळवावा, म्हणजे घटस्थापनेपर्यंत तो लाकडासारखा टणक होतो आणि त्याचा पसरट तळ कापडी भोपळ्याच्या मधल्या खळगीवर नेमका बसतो.