माचा मोची
माचा मोची : चिकट तांदळाच्या पिठात माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, कालवून केलेली जपानी मिठाई. बोटाने दाबली की दबते, सोडली की सावकाश वर येते. दातांना मात्र लगेच दाद देत नाही. या चिवट मऊपणाला जपानी भाषेत ‘मोची-मोची’ असाच शब्द आहे. मराठीतल्या जोडे शिवणाऱ्या मोच्याशी त्याचे काही नाते नाही. आत सारण भरलेल्या मोचीला ‘दाइफुकु’ म्हणतात. या नावाचा मूळ अर्थ ‘मोठे पोट’. पुढे उच्चार तोच ठेवून लिपीतले एक चिन्ह बदलले आणि अर्थ झाला ‘मोठे भाग्य’.

मूळ रीत कुटण्याची. भिजवून वाफवलेला तांदूळ लाकडी किंवा दगडी उखळात (उसु) घालतात. एक जण लाकडी हातोड्याने (किने) घाव घालतो आणि दोन घावांच्या मध्ये दुसरा ओल्या हाताने गोळा उलटवतो. ताल चुकला तर बोटे सापडतात. आपल्याकडे चंद्रावर ससा दिसतो म्हणून चंद्र ‘शशांक’. जपानी मुलांना तोच ससा मोची कुटताना दिसतो. बौद्ध जातकातल्या सशाची कथा चीनमार्गे तिकडे गेली. चीनमध्ये तो औषध कुटतो, जपानमध्ये मोची.

घरी उखळ निघत नाही, पिठावर भागते. पण पीठ कोणते, यावर सगळे ठरते. नेहमीच्या तांदळातल्या पिष्टात (स्टार्चमध्ये) अमायलोज साधारण १५ ते ३० टक्के असते आणि उरलेले अमायलोपेक्टिन. ‘मोचीगोमे’ या चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतेच. फांद्याफांद्यांचे अमायलोपेक्टिन शिजले की पाणी धरून ताणले जाते. मोचीचा ताण तिथून येतो. तांदळात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसतेच; ताण फक्त अमायलोपेक्टिनचा. त्यामुळे आंबेमोहोराची पिठी मोदकाच्या पारीला कितीही नामी असली तरी तिची मोची होत नाही. उकड छान निघते, पण ओढली की तुटते. मळून, तेल लावून, जास्त वाफवून उपयोग नाही. दोष हाताचा नसून तांदळाचा आहे.

जपानी दुकानात या तांदळाची दोन पिठे मिळतात. तांदूळ धुऊन, सुकवून दळला की ‘मोचिको’. आपण मोदकाची पिठी करतो त्याच वळणाचे काम. पाण्यासकट वाटून, साका खाली बसवून, पाणी काढून वाळवले की ‘शिरातामाको’. हे खडबडीत खड्यांचे दिसते, पण त्याची मोची अधिक नितळ होते. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच घ्यावे. तिथेच मिळणारे ‘जोशिन्को’ साध्या तांदळाचे असते, पाकीट वाचून घ्यावे. भारतात चिकट तांदूळ ईशान्येकडे पिकतो. आसामचा बोरा साउल बिहू सणातल्या ‘पिठा’ नावाच्या पक्वान्नांसाठी वापरतात. तो भिजवून, सुकवून, दळून चालतो. मणिपूरचा चाक-हाओही चिकट, पण जांभळा-काळा. त्यात माचाचा हिरवा रंग बुडून जाईल.

मोचीतला जुना हिरवा रंग चहाचा नव्हे. ‘कुसामोची’त योमोगी नावाची वनस्पती कुटून घालतात, ती आपल्या दवण्याच्याच प्रजातीतली. माचासाठी चहाची झुडपे तोडणीआधी सुमारे तीन आठवडे आच्छादनाखाली ठेवतात. सावलीत पान अधिक हिरवे होते आणि तुरटपणा कमी राहतो. मग पाने वाफवून, न वळता सुकवून, देठ-शिरा काढून जात्यावर दळतात. दगडी जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते, किंमत चढी असण्याचे हे एक कारण. क्योतोजवळचे उजी आणि आइची प्रांतातले निशिओ ही माचाची नावाजलेली ठिकाणे. ग्रीन टीच्या पिशव्या फोडून, मिक्सरला फिरवून माचा होत नाही. रंग शेवाळी येतो आणि दाताखाली कचकच लागते.

आठ नगांसाठी १०० ग्रॅम शिरातामाको, ५० ग्रॅम साखर, दोन लहान चमचे माचा आणि १५० मिलिलिटर पाणी. माचा चाळून साखरेत मिसळावा, नाहीतर गुठळ्या शेवटपर्यंत हिरव्या ठिपक्यांसारख्या राहतात. पिठात पाणी थोडे थोडे घालून खडे बोटांनी चुरडून विरघळवावेत, मग साखर-माचा घालावा. काचेच्या वाडग्यात, सैल झाकून, मायक्रोवेव्हमध्ये (६०० वॅट) एक मिनिट. ओल्या कालथ्याने खालून वर घोटावे. पुन्हा एक मिनिट, पुन्हा घोटावे. शेवटी अर्धे मिनिट. आधी फिक्या पिस्त्याच्या रंगाचे, दुधाळ दिसणारे मिश्रण आता गडद, चकचकीत आणि किंचित पारदर्शक होते, कालथ्याला धरून लोंबते. पांढुरके पट्टे दिसले तर ते कच्चे आहे. मोदकपात्रातही १५-२० मिनिटांत वाफवता येते, मात्र जास्त वेळच्या उष्णतेने हिरवा रंग थोडा मळतो.

परातीत बटाट्याचे स्टार्च (नसल्यास कॉर्नफ्लोअर) भरपूर पसरून गोळा त्यावर ओतावा, वरूनही भुरभुरावे आणि कोमट असतानाच आठ भाग करावेत. पारी हातावर थापताना आतल्या बाजूला पीठ लागू देऊ नये; लागले की तोंड मिटत नाही. कडा मधल्यापेक्षा पातळ ठेवून, सारणाची गोळी ठेवून चिमटीने बंद करावे आणि तोंड खाली करून ठेवावे.

सारण ‘आन’चे, म्हणजे आझुकी या लाल कडधान्याच्या पुरणाचे. दाणे तसेच ठेवले तर ‘त्सुबुआन’, साले काढून गाळले तर ‘कोशिआन’. दुसऱ्याला पुरणयंत्र अगदी सोयीचे. आझुकी न मिळाल्यास लाल चवळीचे पुरण बरे लागते, फक्त वेलची-जायफळ घालू नये, माचा दबतो. पांढऱ्या घेवड्याचे ‘शिरोआन’ माचाला अधिक शोभते असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. अख्खी स्ट्रॉबेरी घातलेला दाइफुकु १९८० च्या दशकातला. लोत्ते कंपनीचा आइस्क्रीम भरलेला ‘युकिमी दाइफुकु’ १९८१ चा.

मोची फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत शिजलेले पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि पारी रबरासारखी, मग खडूसारखी लागते. साखर पाणी धरून हे लांबवते. म्हणून गोड कमी करायचे तर सारणात करावे, पारीत नाही. त्याच दिवशी संपणार नसेल तर एकेक गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये टाकावी आणि बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. मोची घशात अडकून दरवर्षी, विशेषतः नववर्षाच्या दिवसांत, जपानमध्ये वृद्धांचे मृत्यू होतात आणि तिथला अग्निशमन विभाग आधीपासून सावध करत असतो. वृद्धांना आणि मुलांना ती अगदी लहान तुकड्यांत, आधी चहाच्या घोटाने घसा ओला करून आणि कोणी समोर बसलेले असताना द्यावी.