टोमॅटो फळ की भाजी? या वादाला बराच जुना इतिहास आहे

वडापाव सँडविचमध्ये धरायचा का, मिसळ म्हणजे उसळच ना, असले वाद ठाण्या-वाशीकडे मित्रांच्या ग्रुपवर सारखे रंगतात, पण बाहेर हेच वाद थेट कोर्टात गेलेत आणि बहुतेक वेळा भानगड टॅक्सची होती.

सगळ्यात गाजलेली केस टोमॅटोची. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या भाजीवर ड्युटी होती, ताज्या फळांवर नव्हती, म्हणून न्यूयॉर्कचे व्यापारी निक्स म्हणाले टोमॅटो फळ आहे, आमचे पैसे परत द्या. १८९३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वनस्पतिशास्त्रात असेल फळ, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, सो भाजीच. मला हा निकाल एकदम पटतो, कारण आपलं ताटही असंच लागतं ना, कैरीचं लोणचं झालं की डावीकडे मीठ-लिंबाशेजारी, आणि तोच आंबा पिकून आमरस झाला की उजवीकडे वाटीत, झाड एकच असलं तरी!

वाशीच्या एपीएमसीत तर फळ मार्केट वेगळं, भाजीपाला वेगळा आणि कांदा-बटाटा तिसरीकडेच, घरी आपण बटाट्याची भाजी म्हणतो तरी. आणि ते बरोबरच आहे, गोणीतला कांदा टिकतो, पालेभाजी त्याच दिवशी विकावी लागते.

इंग्लंडमध्ये १९९१ ला जाफा केकवरून (संत्र्याची जेली आणि चॉकलेट लावलेला, बिस्किटाएवढा केक) भांडण झालं. केकवर व्हॅट नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर आहे. तिथे एक मुद्दा भारी होता, शिळा केक कडक होतो आणि शिळं बिस्कीट मऊ पडतं, जाफा कडक होतो, म्हणून केक. डब्याचं झाकण उघडं राहिलेल्या कुठल्याही घरात हे माहीत असतं.

आपल्याकडे २०२० ला कर्नाटकात पॅकेटच्या परोट्याला रोटी मानलं नाही, रोटीला ५ टक्के आणि परोट्याला १८, शेवटी सप्टेंबर २०२५ ला दोन्हीवरचा जीएसटी गेला.

राहिला वडापाव. २००६ ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने बरिटो (पोळीत सारण गुंडाळलेला मेक्सिकन रोल) सँडविच नाही म्हटलं, कारण सँडविचला ब्रेडच्या दोन स्लाइस लागतात. मग वडापावही नाहीच, पाव एका बाजूने जोडलेला असतो. मिसळीत उसळ असते हे मान्य, पण वर फरसाण, कांदा, तर्री आणि बाजूला पाव आला की ती ताटातली उसळ राहत नाही, तेवढ्यावर पूर्ण जेवण होतं, म्हणून माझ्या मते वडापाव आणि मिसळ दोघांचेही खाते वेगळेच हवे.