पॅरानॉइड (ब्लॅक सॅबथचा दुसरा अल्बम)

'पॅरानॉइड' हा बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या इंग्रज बँडचा दुसरा अल्बम. इंग्लंडमध्ये व्हर्टिगो कंपनीने तो १८ सप्टेंबर १९७० रोजी काढला. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने जानेवारी १९७१ मध्ये. आठ गाणी, साधारण ४२ मिनिटं. हेवी मेटल (जड, कर्कश गिटारचं रॉक संगीत) ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर हाच अल्बम हातात द्यावा. नागपुरातही मेटलकडे वळलेल्या गिटारवाल्या पोट्ट्यांच्या हातात आधी बसतात त्या रिफ (गिटारवर परत परत येणाऱ्या छोट्या धुना) बहुधा यातल्याच, 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'.

ध्वनिमुद्रण

पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला आणि जूनमध्ये बँड पुन्हा लंडनच्या स्टुडिओत होता. निर्माता रॉजर बेन, ध्वनी अभियंता टॉम अॅलम. बरीच गाणी कार्यक्रमांत वाजवून घासलेली होती, म्हणून काम काही दिवसांतच उरकलं. अल्बम लांबीला थोडा कमी पडत होता, तेव्हा गिटारवादक टोनी आयोमीने एक रिफ काढली, बासवादक गीझर बटलरने भराभर शब्द लिहिले आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर शीर्षकगीत उभं राहिलं. जागा भरायला केलेलं हे तीन मिनिटांहून छोटं गाणं बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं.

अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलं होतं. मुखपृष्ठावर झाडीतून तलवार-ढाल घेऊन झेपावणारा माणूस आहे तो त्याच नावासाठी. नाव बदललं, चित्र तसंच राहिलं.

आयोमीची बोटं

या अल्बमचा आवाज एका अपघातातून आला आहे. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भांडी घासायच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. टोपणातून तार जाणवत नाही आणि जाड तार ओढवत नाही, म्हणून हलक्या तारा आल्या. पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरणं कठीण, म्हणून दोन-तीन सुरांचे पॉवर कॉर्ड आले. वाद्य गिब्सन एसजी गिटार, पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उठवणारी पेटी) आणि लेनी अॅम्प.

तारा सैल करून सूर खूप खाली उतरवल्याने हा आवाज आला, हा मात्र गैरसमज आहे. तो प्रकार १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासूनचा. 'पॅरानॉइड'मध्ये गिटार नेहमीच्या ई पट्टीतच आहे. नंतरच्या कार्यक्रमांत बँड हीच गाणी खालच्या पट्टीत वाजवत असे, त्यामुळे व्हिडिओ पाहून बसवलेलं गाणं मूळ अल्बमसोबत वाजवायला घेतलं की जुळत नाही.

स्वागत

श्रोत्यांनी लगेच उचललं. शीर्षकगीत इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं आणि ऑक्टोबर १९७० मध्ये अल्बम पहिला आला. तिथे पुन्हा पहिला क्रमांक मिळायला बँडला २०१३ पर्यंत थांबावं लागलं. अमेरिकेत तो बाराव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे तिथे ४० लाखांवर प्रतींच्या विक्रीची नोंद झाली. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये गाणं वाजल्यावर कार्यक्रमांना किंचाळणाऱ्या पोरींची गर्दी होऊ लागली. बँडला ती गर्दी नको होती, म्हणून पुढे काही काळ त्यांनी सुटी गाणी (सिंगल) काढणंच टाळलं.

समीक्षकांनी नाक मुरडलं. अमेरिकेच्या रॉबर्ट क्रिस्टगाउने 'सी उणे' अशी श्रेणी दिली. संथ आणि सोपं म्हणजे येत नाही म्हणून केलेलं, असा समीक्षकांचा समज होता. सैतानी संगीताचा शिक्काही बसला. वस्तुस्थिती अशी की 'वॉर पिग्ज'मध्ये चेटकिणींची उपमा सेनापतींना दिली आहे आणि गाणं सरळसरळ युद्धाविरुद्ध आहे; 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून हेरॉइनची सवय घेऊन परतलेल्या सैनिकांवर आहे; 'इलेक्ट्रिक फ्युनरल'मध्ये अणुयुद्ध आहे. शब्द न ऐकता दिलेला निकाल होता तो. २०१७ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने सर्वश्रेष्ठ शंभर मेटल अल्बमांच्या यादीत याच अल्बमला पहिलं स्थान दिलं.

कॅसेटच्या काळात याची लांबी फार सोयीची होती. ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला अख्खा अल्बम मावतो, वर तीनेक मिनिटं उरतात. ६० मिनिटांच्या कॅसेटवर सलग भरला की 'हँड ऑफ डूम' चौथ्या मिनिटाच्या आसपास तुटतं, नेमकी लय वाढल्यावर.

वाजवताना

'आयर्न मॅन'ची रिफ सहाव्या (सगळ्यात जाड) तारेवर मूळ सूर धरून बसते: फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) ७, १०, १०, १२, १२, मग १५ आणि १४ मधली घसरगुंडी, मग पुन्हा १०, १०, १२, १२. सुरुवातीचा कण्हल्यासारखा आवाज जाड तार उघडी छेडून नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मागे, खुंट्यांच्या बाजूला, दाबून काढतात. लॉकिंग नट असलेल्या गिटारवर तो निघत नाही, कारण तिथे तार नटलाच आवळलेली असते.

'पॅरानॉइड'मध्ये हात फक्त वरून खाली मारूनच वाजवायचं. गती मिनिटाला १६० ठोक्यांच्या पुढे. दुसऱ्या कडव्यापर्यंत मनगट दमतं, हात वर-खाली होऊ लागतो आणि गाण्याची धार जाते. १२० वर सुरू करून पाच-पाच ठोक्यांनी वाढवावं.

खरी परीक्षा 'वॉर पिग्ज'. सुरुवात दादऱ्यासारख्या तिनाच्या पटीतल्या झुलत्या लयीत. मग सगळं थांबतं. दोन कॉर्डचे आघात, आणि पुढे फक्त हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि गळा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाणं इथेच सांडतं. ड्रमर मोकळ्या जागेत घाईला येतो, गायक त्याच्या मागे धावतो, गिटारवाला तार दाबून बंद करायच्या ऐवजी वाजती ठेवतो. आघात झाल्याबरोबर दोन्ही हातांनी तारा मिटवायच्या आणि रिकामी जागा रिकामीच सोडायची. बँडचा ड्रमर बिल वॉर्डचा हाय-हॅट मूळ अल्बममध्ये एकटा ऐकावा, तो कुठेही पळत नाही.

गेन (अॅम्पवर आवाज फाडणारं बटण) पूर्ण वाढवणं ही दुसरी चूक. या अल्बममधला डिस्टॉर्शन (फाटलेला, खरखरीत आवाज) वाटतो त्यापेक्षा कमी आहे. वजन बटलरच्या बासमुळे येतं. गेन जास्त झाला की बास गढूळ होतो आणि त्या मोकळ्या जागेत सूं-सूं भरते. नागपूरच्या उन्हाळ्यात हा त्रास दुप्पट. डेझर्ट कूलरची मोटर सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांखालचं एका गुंडाळीचं चुंबक) सरळ शिरते: गिटार कूलरकडे केली की घरघर वाढते, काटकोनात फिरवली की कमी होते. कूलर आणि अॅम्प वेगवेगळ्या बोर्डांवर लावावेत. मे महिन्यात जमीन कोरडी पडून अर्थिंग कमजोर होतं. तारेला बोट लावल्यावर आवाज थांबत असेल तर आधी अर्थिंग तपासावं, आणि तारेचा झटका लागत असेल तर वाजवणं तिथेच थांबवावं.

कोरड्या हवेत मानेचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागतात, मान मागे जाऊन तारा खडखडतात. पावसाळ्यात उलट, तारा उंच होतात. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव वळणच फिरवावा आणि दिवसभर थांबून पाहावं. कूलरच्या झोतासमोर टांगलेल्या गिटारच्या तारा लवकर गंजतात.

'प्लॅनेट कॅराव्हॅन' या एकाच गाण्यात डिस्टॉर्शन नाही. गायक ऑझी ऑस्बर्नचा गळा फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला आहे. टेबल फॅनपुढे तोंड धरून 'आ' म्हटल्यावर आवाज थरथरतो, तशी जात. रोटरी पेडल हळू गतीवर ठेवलं तर जवळपास तोच परिणाम मिळतो. ड्रमसेटऐवजी इथे कोंगा आहेत; त्या नसतील तर ढोलक चालते, फक्त थाप बोटांनीच द्यावी आणि डग्ग्यासारखी घुमू देऊ नये.